हिग्ज यांनी वाढवलेला मजकूर

भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज एप्रिल २०२४मध्ये एडिंबरात गेले, ९४व्या वर्षी. त्यानंतर 'विश्वाला वस्तुमान देणारा देवकण' हेच शब्द जिथे तिथे वाचायला मिळाले. मला ते खटकतात. आपल्या वजनाचा बहुतेक भाग प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या पोटात कोंडलेल्या ऊर्जेचा असतो. हिग्ज कणाचा त्यातला वाटा अगदी थोडा. त्याहून सुंदर प्रश्न असा, की या कणाला स्वतःचं वस्तुमान मिळतं कुठून?

उत्तरासाठी काचेच्या बाटलीचा तळ आठवा. मधोमध उंचवटा, भोवती गोल खोबण. उंचवट्याच्या टोकावर मोहरीचा दाणा ठेवला, तर त्याला सगळ्या दिशा सारख्याच. पण तो तिथं टिकत नाही. घरंगळतो आणि खोबणीत कुठंतरी बसतो. बाटली होती तितकीच गोल आहे, दाण्यानं मात्र एक दिशा धरली. सममिती मोडली ती अशी.

आता दाणा हलवून पाहा. खोबणीतून गोल फिरवायला काहीच जोर लागत नाही. भिंतीकडे ढकलला, तर चढ लागतो, दाणा मागे येतो आणि झुलत राहतो. दाण्याच्या जागी अवकाशभर पसरलेलं क्षेत्र धरलं, तर या दोन हालचाली म्हणजे दोन अदिश (फिरकी नसलेले) कण: बिनचढाचा तो वस्तुमानहीन, चढाचा तो जड. खोबणीचा वाक जितका तीव्र, तितकं वस्तुमान जास्त.

यातला वस्तुमानहीन कणच डोकेदुखी ठरला. तो टाळता येत नाही, असं नाम्बू आणि गोल्डस्टोन यांनी १९६१च्या सुमारास दाखवलं होतं. निसर्गात तर तो कुठंच दिसेना. १९६४मध्ये ब्राऊट-एंग्लर्ट, हिग्ज आणि पाठोपाठ गुराल्निक-हेगन-किबल यांनी वाट काढली: हा कण बलवाहक कणांत मुरतो आणि तेच जड होतात. प्रत्यक्ष निसर्गात चार दिशांपैकी तीन डब्ल्यू आणि झेड कणांत मुरल्या. चढाची चौथी उरली.

हिग्ज यांचा यावरचा दुसरा निबंध 'फिजिक्स लेटर्स'नं नाकारला. त्यांनी मजकूर वाढवला, जड अदिश कण मागे उरतो हे त्यात उघड मांडलं आणि निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'कडे पाठवला. प्रयोग करणाऱ्यांना शोधायला एक वस्तू मिळाली ती इथं. म्हणून कणाला त्यांचं नाव लागलं हे मला योग्यच वाटतं.

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेनं तो कण सापडल्याचं जाहीर केलं. वस्तुमान सुमारे १२५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, प्रोटॉनच्या १३३ पट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसंही तिथल्या सीएमएस प्रयोगात होती. या आकड्यानं तळाजवळचा वाक कळला. भिंत पुढं कशी चढते, हे मात्र प्रोटॉनच्या एकाच टकरीत दोन हिग्ज कण जन्मताना पुरेशा वेळा पाहिल्यावरच ठरेल, आणि त्याचसाठी सर्नचं टकरी घडवणारं यंत्र आणखी प्रखर केलं जात आहे.