निरोप आणि त्याची पोच

ब्राउझरमधून तत्काळ निरोप धाडण्याची सोय करावयाची ठरली, की आमच्या वाशिम जिल्ह्यातील नवशिका प्रोग्रामर प्रथम एखादी जावास्क्रिप्ट लायब्ररी उतरवून घेतो आणि आता निरोप आपोआप पोहोचतील अशा विश्वासाने निश्चिंत होतो. परंतु लायब्ररी म्हणजे टपालवाला नव्हे. निरोपांची ने-आण सर्व्हर करतो, लायब्ररी केवळ त्याची भाषा जाणते. 'स्ट्रॉफी' ही लायब्ररी, १९९९ साली जेरेमी मिलर यांनी जाहीर केलेल्या 'जॅबर'मधून विकसित झालेली एक्सएमपीपी ही खुली भाषा बोलते. आणि 'कॉन्व्हर्स' हा स्ट्रॉफीच्याच पायावर उभारलेला, गप्पांसाठी सजवलेला दिवाणखाना आहे, तेव्हा या दोहोंत श्रेष्ठ कोण हा वादच गैरलागू ठरतो.

सॉकेट.आयओ ही दुसरी लायब्ररी म्हणजेच वेबसॉकेट, असाही समज सर्रास आढळतो. वेबसॉकेट हे ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील अखंड जोडणीचे २०११ चे मानक; सॉकेट.आयओने त्यावर स्वतःचे संकेत चढविले असल्याने साध्या वेबसॉकेटने तिच्या सर्व्हरशी बोलणे होत नाही.

सर्वांत घातक समज मात्र पोचेविषयीचा आहे. कारंज्याहून मानोऱ्याकडे निघालेल्या एसटीत विद्यार्थ्याने निरोप लिहावा आणि नेमकी एखाद्या वळणावर रेंज जावी, अशा वेळी सॉकेट.आयओ त्याचा न गेलेला निरोप राखून ठेवते व जोडणी पूर्ववत होताच रवाना करते, हे खरे. परंतु त्या मधल्या अवधीत सर्व्हरने त्याला धाडलेला निरोप मूळ व्यवस्थेत गहाळ होतो, आणि २०२३ च्या ४.६ आवृत्तीत आलेला त्यावरील उपाय मुद्दाम चालू करावा लागतो. याउलट एक्सएमपीपीच्या एका विस्तारात उभय पक्ष आलेल्या निरोपांची मोजदाद ठेवतात आणि ती एकमेकांस कळवितात. रजिस्टर टपालाची पोचपावती असे, तशी. कॉन्व्हर्स हा विस्तार पाळते, मात्र सर्व्हरनेही तो पाळला पाहिजे. आमच्यासारख्या मुलखात निवड याच कसोटीवर व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

मराठीसाठी निराळी लायब्ररी लागते, हा समजही निराधार आहे; लागते ती जागरूकता. 'वाशिम' हा शब्द आपल्या कानाला तीन अक्षरांचा, जावास्क्रिप्टच्या हिशेबी पाच चिन्हांचा, आणि यूटीएफ-८ या लिपी-संकेतनातून तारेवर जाताना पंधरा बाइटांचा होतो. निरोपाची मर्यादा इंग्रजी अक्षरांच्या मापाने बाइटांत ठरविली, तर मराठी निरोप एक-तृतीयांशावरच तुटतो, आणि कधी ऐन अक्षराच्या मध्यावर.