गिऱ्हाईक होण्याचीही मजुरी मिळते!

आठवडे बाजाराचा दिवस आहे. कापडाच्या दुकानात सकाळपासून गर्दी आहे. एक अनोळखी माणूस आत येतो, दोन-चार शर्टपीस पाहतो, भाव विचारतो, शेवटी एक टॉवेल घेतो, बिल मागतो आणि निघून जातो. रात्री हिशेब करताना तो माणूस दुकानदाराच्या लक्षातही राहत नाही. त्याच्या मात्र सगळे लक्षात असते. आपण किती वाजता आत आलो, किती मिनिटांनी कोणी "या" म्हटले, मागितलेला माल दाखवला की टाळाटाळ केली, बिल आपणहून दिले की मागावे लागले. बाहेर पडल्यावर तो हे सगळे लिहून काढतो आणि त्या लिहिण्याचे त्याला पैसे मिळतात.

इंग्रजीत अशा माणसाला मिस्ट्री शॉपर म्हणतात. आपण त्याला गुप्त गिऱ्हाईक म्हणू. मोठ्या शहरांतील शोरूम, पेट्रोल पंप, हॉटेले आणि मोबाईलची दुकाने यांच्या कंपन्या अशी माणसे पाठवीत असतात. हा जोडधंदा आहे तरी काय, त्यात शिरायचे कसे आणि त्याच्या नावाखाली होणारी फसवणूक ओळखायची कशी, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण आपली मुले काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. कोणी पुण्याच्या मॉलमध्ये सेल्समन आहे, तर कोणी घरी बसून काम शोधतो आहे.

कल्पना जुनीच आहे

सुलतान अल्लाउद्दीन खिलजी (कारकीर्द १२९६ ते १३१६) याने दिल्लीत मालाचे भाव बांधून दिले होते. भाव बांधला की काही दुकानदार मापात मारतात, हे तो जाणून होता. इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की, सुलतान आपल्या कबुतरखान्यातील लहान गुलाम पोरांच्या हाती पैसे देऊन त्यांना बाजारात पाठवी. कोणी रोटी आणी, कोणी भाजलेले मांस, कोणी हलवा. मग तो माल तोलला जाई. वजन कमी भरले तर जेवढी तूट, तेवढे मांस दुकानदाराच्या अंगातून कापून घेतले जाई.

शिक्षा क्रूर होती, यात वाद नाही. पण युक्ती पाहा. पोराला पाहून दुकानदार सावध होत नाही. सरकारी अधिकारी समोर आला की सगळ्यांचीच तागडी सरळ होते. खरा कारभार दिसतो तो सामान्य गिऱ्हाइकालाच. आजचा सारा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे.

आजच्या स्वरूपात हे काम अमेरिकेत वाढले. तेथे पूर्वी बँका आणि दुकाने खासगी गुप्तहेर नेमून नोकर गल्ल्यात हात घालतो का, हे पाहत. १९४० च्या दशकात मिस्ट्री शॉपिंग हे नाव पुढे आले आणि चोरी पकडण्यापेक्षा गिऱ्हाइकाला वागणूक कशी मिळते, हे पाहण्यावर हळूहळू भर आला. १९९८ साली हे काम करून देणाऱ्या संस्थांची संघटनाही निघाली. तिचे नाव एमएसपीए.

आपल्याकडची उदाहरणे

आपल्या देशातही हे नवीन नाही. बँकेच्या शाखेत फाटक्या नोटा आणि नाणी बदलून मिळतात की नाही, हे पाहण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे अधिकारी आपली ओळख न देता शाखेत जातात. साताऱ्यात अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने गर्भलिंग तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना उघडे पाडण्यासाठी गरोदर स्त्रियांनाच बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवले. तो कायदा मोडणाऱ्याला पकडण्याचा मामला होता. गुप्त गिऱ्हाइकाचे काम कोणाला पकडण्याचे नसते, फक्त पाहून सांगण्याचे असते. हा फरक लक्षात ठेवावा.

या कामाची शिस्त कशी असते, हे मुंबईच्या एका अभ्यासावरून कळते. २०१४-१५ मध्ये संशोधकांनी मुंबई आणि पाटणा येथील खासगी डॉक्टरांकडे क्षयरोगाची लक्षणे सांगणारे बनावट रुग्ण पाठवले. हे लोक डॉक्टर नव्हते, साधी माणसे होती. त्यांना आधी नीट तालीम दिली. किती आठवड्यांचा खोकला सांगायचा, डॉक्टरने काय विचारले तर काय उत्तर द्यायचे, सुई टोचून घेणे कसे टाळायचे, हे सगळे घटवून घेतले. दवाखान्यातून बाहेर पडताच, आठवण ताजी असताना, ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे भरून घेतली. दोन्ही शहरांत मिळून हजारावर दवाखाने तपासले गेले. योग्य उपचार झाले ते साधारण तीनांतल्या एकाच भेटीत. ही गोष्ट डॉक्टरांना नुसती विचारून कधी कळली असती काय?

सुरुवात कशी करावी?

हे काम कंपनी स्वतः देत नाही. मध्ये तपासणी करून देणाऱ्या संस्था असतात. कंपनी त्यांना ठेका देते आणि त्या गावोगावची माणसे नेमतात. १९८७ साली अमेरिकेत सुरू झालेली बेअर इंटरनॅशनल ही अशीच एक संस्था असून ती भारतातही काम करते. एमएसपीए संघटनेच्या सभासद संस्थांची यादी इंटरनेटवर पाहता येते. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

संस्थेकडे नाव नोंदवणे फुकट असते. नोंदणीत वय, गाव, शिक्षण, भाषा, जवळ दुचाकी आहे की चारचाकी, मोबाईल कोणता, अशी माहिती विचारतात. यात थाप मारू नये. मोटारीच्या शोरूममध्ये जाण्याचे काम मोटार घेण्याजोग्या माणसालाच देतात आणि चष्म्याच्या दुकानात चष्मेवाल्यालाच पाठवतात. मराठीबरोबर हिंदी आणि कामापुरते इंग्रजी लिहिता येत असेल तर कामे जास्त मिळतात, कारण अहवाल पुष्कळदा इंग्रजीत मागतात. पैसे जमा करण्यासाठी पॅन कार्ड आणि स्वतःचे बँक खाते लागते. कर कापला गेला तर वर्षअखेर विवरणपत्र भरून तो हिशेबात धरता येतो, म्हणून कागद जपून ठेवावेत.

काम मिळाले की आधी सूचनापत्र येते. कोणत्या दुकानात, कोणत्या वेळेत जायचे, काय विचारायचे, कितीपर्यंत खरेदी करायची, हे त्यात लिहिलेले असते. काही संस्था सूचनांवर छोटी परीक्षाही घेतात. सूचनापत्र दोनदा वाचावे. दुकानात ते हातात धरून उभे राहिलात तर खेळ तिथेच संपला. भेट झाल्यावर बिल जपायचे आणि ठरलेल्या मुदतीत, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, अहवाल भरायचा. संस्थेचा माणूस तो तपासतो, शंका विचारतो, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी फी व खरेदीची ठरलेली रक्कम खात्यावर येते. बिल हरवले किंवा वेळ चुकली की काम फुकट जाते.

पहिले काम लहानच घ्यावे. पेट्रोल पंपावर मीटर शून्यावर दाखवला का, पावती दिली का, हवा भरण्याची सोय चालू होती का, एवढेच पाहायचे काम सोपे असते. दोन-चार अहवाल चोख गेले की मोठी कामे आपणहून विचारली जातात. स्त्रियांनाही या कामात चांगला वाव आहे. दागिने, कपडे, सौंदर्यप्रसाधने यांच्या दुकानांत बाईमाणसाची नजर पुरुषाला येत नाही.

मिरजगावाहून परवडते का?

आता स्पष्ट बोलू. आपल्याच गावात हे काम होत नाही. मिरजगावात बागवानांचा, तांबोळ्यांचा, अत्तारांचा मुलगा कोण, हे चारी आळ्यांना माहीत असते. ओळखीचा माणूस गुप्त गिऱ्हाईक कसा होणार? शिवाय नात्यागोत्यातल्या किंवा पूर्वी नोकरी केलेल्या दुकानाची तपासणी घ्यायची नाही, हा या धंद्याचा पहिला नियम आहे. म्हणजे काम नगर, पुणे किंवा सोलापूरला.

हिशेब मांडून पाहा. समजा, नगरच्या एका भेटीची फी ४०० रुपये आहे. एसटीचे जाणे-येणे २०० रुपये, माळीवाडा स्टँडवरून रिक्षा ६० आणि चहा-नाश्ता ५०. हाती उरले ९०, आणि दिवस गेला. एवढ्यासाठी कोणी मुद्दाम जाऊ नये. पण ज्या व्यापाऱ्याला माल भरायला नगरच्या कापड बाजारात किंवा आडते बाजारात तसेही जावे लागते, त्याने त्याच फेरीत दोन भेटी उरकल्या तर ते ८०० रुपये वरकड आहेत, भाड्याचा बोजा मालावर पडतच असतो. कॉलेजसाठी नगरला राहणाऱ्या मुलालाही ते जमते. सांगायचे तात्पर्य, ही पोट भरण्याची नोकरी नाही, जोडकमाई आहे. कामे नेमाने येत नाहीत. कोणी महिन्याला हजारो रुपये ठरलेले सांगत असेल तर तो खोटे बोलतो.

पैसे मागितले की दार बंद

याच नावाखाली लोक लुटले जातात, म्हणून हे नीट वाचावे. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, ओळखपत्राचे पैसे, अनामत रक्कम, यांपैकी काहीही मागितले तर तिथेच थांबावे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. दुसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर चालतो. आधी हॉटेलला चांगले शेरे देण्याचे शंभर-दोनशे रुपये खरोखर पाठवतात. विश्वास बसला की "मोठ्या कामासाठी" आधी पैसे भरायला लावतात, आणि मग भरलेले सोडवण्यासाठी आणखी. अमेरिकेत ठग लोक खोटा चेक पाठवतात, तो बँकेत भरून त्यातली काही रक्कम पुढे पाठवायला सांगतात. चेक परत येतो तेव्हा पाठवलेले पैसे गेलेले असतात. तऱ्हा वेगवेगळी, डाव एकच. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

अहवाल म्हणजे कोणाची तरी भाकरी

आता सर्वांत महत्त्वाचे. नवखा माणूस लिहितो, "नोकर उद्धट होता. सेवा वाईट." असा अहवाल परत येतो, आणि यावा हेच बरे. जाणता माणूस लिहितो, "मी ११ वाजून १० मिनिटांनी आत गेलो. दोन सेल्समन होते, गिऱ्हाइके सात. चार मिनिटांनी एकजण माझ्याकडे आला. मी निळ्या रंगाचा माल मागितला. तो शिल्लक नाही, असे त्याने सांगितले. दुसरा दाखवला नाही." यात राग नाही, अंदाज नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले, तेवढेच आहे. आणि या अहवालातून मालकाला हेही दिसते की सात गिऱ्हाइकांना दोन माणसे कमी पडत होती. दोष नोकराचा नव्हता.

त्या शब्दांवर कोणाची बढती अडते, कोणाची नोकरी जाते. काउंटरमागचा तो पोरगा आपल्याच गल्लीतला असू शकतो. दुकानात न जाता घरी बसून अहवाल भरणारेही असतात. ते संस्थेला फसवतातच, पण एका गरिबाच्या रोजीशीही खेळतात. खिलजीच्या बाजारात तागडी दुकानदाराच्या हाती होती. इथे ती गिऱ्हाइकाच्या हाती आहे, आणि तीही सरळच धरायची असते.

घरच्यापासून सुरुवात

ज्याला हे काम शिकायचे आहे, त्याने कोणत्याही संस्थेची वाट पाहू नये. मिरजगावच्या दुकानदाराने करमाळ्याच्या किंवा जामखेडच्या एखाद्या पाहुण्याला सांगावे की, मी नसताना माझ्या दुकानात ये, एखादी वस्तू घे आणि काय घडले ते वहीत लिही. नोकर त्याला ओळखत नसावा, एवढीच अट. आपण त्याच्या दुकानात तसेच जावे. मग दोघांनी वह्या बदलाव्यात. शिंपी, गॅरेजवाले, गाद्या भरणारे कारागीर यांनाही हे करता येईल. खर्च एका वस्तूचा. मुलाला पाहण्याची आणि लिहिण्याची सवय लागेल, आणि आपल्या माघारी गिऱ्हाईक का परत फिरते, हे आपल्याला कळेल. त्या वहीत जे निघेल त्यावर नोकराला झापण्याआधी, आपण स्वतः गल्ल्यावर कसे बसतो तेही एकदा कोणाकडून लिहून घ्यावे.