पोलिसांचे 'चहापाणी' आणि व्यापाराचा खर्च

दुकानदाराच्या वहीत भाडे, हमाली, वीजबिल सारे लिहिलेले असते. चौकात पोलिसाच्या हातात ठेवलेली नोट मात्र कुठेच लिहिली जात नाही. ती मालाच्या भावात चढते आणि शेवटी गिऱ्हाईकच ती भरतो. हा रोग फक्त आपल्याच देशात आहे आणि तो बरा होणारा नाही, असे पुष्कळांना वाटते. आम्हाला या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

हाँगकाँगचे उदाहरण घ्या. तिथे १९६० च्या दशकात लाचेला 'चहाचे पैसे' असेच म्हणत. फेरीवाल्यांना हप्ता द्यावा लागे. मिनीबसवाले दर महिन्याला एक स्टिकर विकत घेऊन काचेवर लावत, म्हणजे दंड टळे. वाटा वरपर्यंत पोचत असल्याने पोलिसांची तक्रार पोलिसांकडेच करून उपयोग नव्हता. जून १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असतानाच इंग्लंडला पळाला. त्याच्याकडे ४० लाख हाँगकाँग डॉलरहून अधिक बेहिशेबी संपत्ती आढळली होती. लोक रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी १९७४ मध्ये पोलीस खात्यापासून वेगळा, थेट गव्हर्नरला जबाबदार असा आयोग स्थापन झाला. गॉडबरला परत आणून चार वर्षांची कैद झाली. १९७७ मध्ये संतापलेले पोलीस आयोगाच्या कचेरीत घुसले. सरकारला जुन्या गुन्ह्यांबाबत काही प्रमाणात माफी द्यावी लागली, पण आयोग टिकला.

जॉर्जियाने दुसरा मार्ग धरला. तेथील सरकारने वाहतूक पोलिसांचे सबंध खातेच बरखास्त केले. सुमारे १६ हजार जणांना घरी पाठवले. नवी भरती केली, पगार अनेक पटींनी वाढवला आणि दंड शिपायाच्या हातात न देता बँकेत भरण्याची सोय केली.

आता आपल्याकडे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो व त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र लाच देणे भाग पाडले गेले असेल आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले, तर देणाऱ्याला संरक्षण मिळते. ही मुदत ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे इतकेच: गाडीची कागदपत्रे पुरी ठेवा. दंड झाला तर पावती किंवा ई-चलन मागा. पोलिसाचे नाव, जागा व वेळ लगेच टिपून ठेवा. परदेशातही लेखी पावतीचाच आग्रह धरा. कागद अपुरे असले की माणूस दबतो आणि मागणाऱ्याचे फावते.