दुकान लहान, खरेदी मोठी

भारतातील किरकोळ व्यापाराविषयीची चर्चा गेली दोन दशके एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. भव्य सुपरमार्केट आणि गल्लीतले किराणा दुकान यांपैकी कोण टिकणार, हा तो प्रश्न होय. या चर्चेत दुकानाच्या आकाराला अवास्तव महत्त्व मिळते आणि त्यामुळे स्पर्धेचे खरे मर्म बाजूला पडते. ग्राहकाला माल विकण्याच्या कामात लहान दुकानदार सहसा कमी पडत नाही. तो मागे पडतो तो स्वतःसाठी माल विकत घेताना. किरकोळ व्यापाराचे भवितव्य समजून घ्यायचे असेल, तर दुकानाच्या दर्शनी भागाकडे पाहण्याऐवजी त्याच्या मागच्या दाराने माल कोणत्या भावाने व कोणत्या अटींवर आत येतो, हे पाहिले पाहिजे.

किराणा दुकानाचे बळ त्याच्या खर्चाच्या रचनेत आहे. देशात अशी एक कोटीहून अधिक दुकाने असल्याचे अंदाज आहेत आणि त्यांतील बहुसंख्य दुकाने एकेका कुटुंबाच्या श्रमावर चालतात. जागा बहुधा स्वतःची किंवा जुन्या भाड्याची असते, गल्ल्यावर घरचेच कोणी बसलेले असते आणि त्या श्रमाचा पगार हिशेबात धरला जात नाही. ग्राहकाला पावशेर डाळ किंवा एक रुपयाची शाम्पूची पुडी मिळते, दूरध्वनीवर सांगितलेली यादी घरपोच येते आणि महिनाअखेरीस पगार होईपर्यंत उधारीही चालते. ही उधारी म्हणजे वस्तुतः कोणतेही तारण व कागदपत्र न मागता, ओळखीच्या भरवशावर आणि बहुधा व्याजाविना दिलेले अल्पमुदतीचे कर्ज असते. ज्या कुटुंबांचे उत्पन्न अनियमित आहे, त्यांच्यासाठी ती सोय चैनीची नसून महिना पार पाडण्याचे साधन आहे.

सुपरमार्केटची कल्पना याच्या नेमकी उलट दिशेने विकसित झाली. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान सुरू केले. तेथे ग्राहकाने फळ्यांवरचा माल स्वतः उचलायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे, अशी स्वयंसेवेची पद्धत होती व तिच्यामुळे नोकरांचा खर्च घटला. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मायकेल कलन यांनी ‘किंग कलन’ या दुकानात प्रशस्त जागा, रोखीचा व्यवहार आणि अत्यल्प नफा यांची जोड देऊन आजच्या सुपरमार्केटचा साचा घडवला. प्रत्येक वस्तूवर थोडाच नफा घ्यायचा, पण माल इतक्या वेगाने खपवायचा की वर्षाअखेरीस एकूण नफा मोठा व्हावा, हे या व्यवसायाचे सूत्र आहे. मात्र ते चालण्यासाठी माल स्वस्तात मिळवणे अनिवार्य असते.

भारतात कारखान्यातून निघालेला साबण किंवा टूथपेस्ट लहान दुकानापर्यंत पोचण्याआधी अनेक हातांतून जाते. कंपनीचा माल प्रथम तिच्या साठवणूक व पाठवणी पाहणाऱ्या एजंटाकडे, तेथून शहर किंवा तालुक्याच्या वितरकाकडे आणि वितरकाच्या विक्री-प्रतिनिधीमार्फत दुकानदाराकडे येतो, व प्रत्येक टप्प्यावर त्या त्या मध्यस्थाचा वाटा किमतीत मिळतो. मोठी साखळी कंपनीशी थेट बोलणी करते, माल स्वतःच्या गोदामात उतरवून घेते आणि वितरकाला द्यावा लागणारा वाटा बराचसा स्वतःकडे राखते. यात भारतीय कायद्यातील कमाल किरकोळ किमतीची, म्हणजे वेष्टनावर छापाव्या लागणाऱ्या सर्व करांसह किमतीची, तरतूद महत्त्वाची ठरते. १९९० पासून रूढ झालेल्या या तरतुदीचा हेतू ग्राहकाची लूट थांबवण्याचा होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. तथापि छापील किमतीपेक्षा जास्त घेण्यास मनाई असली तरी कमी घेण्यास नाही. स्वस्तात खरेदी करणारी साखळी छापील किमतीवर ठळक सूट जाहीर करू शकते, तर त्याच वस्तूवर तुटपुंजा नफा मिळवणारा किराणा दुकानदार छापील किंमत घेतो म्हणून विनाकारण महाग ठरतो.

मोठेपणा हीच यशाची हमी असते, असे मात्र नाही आणि महाराष्ट्राशी निगडित दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होते. राधाकिशन दमाणी यांनी स्वतःची साखळी उभारण्यापूर्वी नवी मुंबईत नेरूळ येथे ‘अपना बाजार’ या सहकारी संस्थेचे दुकान चालवायला घेतले होते आणि पुढे २००२ मध्ये पवई येथे ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान उघडले. शक्य तेथे जागा विकत घ्यायची, सजावटीवर खर्च टाळायचा आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात भावात सवलत मिळवायची, असे त्यांचे धोरण राहिले. याउलट २००१ मध्ये सुरू झालेले ‘बिग बाजार’ भाड्याच्या जागांवर व कर्जाच्या आधारावर वेगाने पसरले आणि २०२२ मध्ये त्याची अनेक दुकाने भाडेकरारांसह रिलायन्सच्या ताब्यात गेली. खरेदी स्वस्त आणि खर्च आटोपशीर ठेवणारा टिकला व ज्याचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावला तो कोसळला. हा नियम हजार चौरस फुटांच्या दुकानाला जितका लागू आहे, तितकाच लाख फुटांच्या दुकानालाही.

सार्वजनिक वादाचा भर मात्र दीर्घकाळ परकीय भांडवलावर राहिला. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनेक ब्रँडचा माल विकणाऱ्या किरकोळ दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत थेट परकीय गुंतवणुकीस परवानगी दिली. किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक, गुंतवणुकीचा निम्मा भाग गोदामे व शीतगृहांसारख्या पायाभूत सोयींवर खर्च करणे, ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करणे आणि संबंधित राज्याची संमती अशा अटी तिला जोडल्या होत्या. महाराष्ट्राने संमती दिली, परंतु या मार्गाने टाटा समूहाच्या ट्रेंट कंपनीशी भागीदारी करून आलेली ब्रिटनची टेस्को वगळता परकीय साखळ्यांनी उत्साह दाखवला नाही. त्यांनी दुसरी वाट निवडली. वॉलमार्टने २०१८ मध्ये फ्लिपकार्टमधील सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेतला, आणि ज्या स्पर्धकाची दुकानदारांनी रस्त्यावर वाट पाहिली तो ग्राहकाच्या मोबाइलवर येऊन पोचला.

त्यानंतरच्या घडामोडींनी स्पर्धेचे केंद्र कोठे आहे हे उघड केले. जिओमार्ट, उडान, मेट्रो यांसारख्या कंपन्यांनी किराणा दुकानदारांनाच घाऊक दरात माल पुरवण्याचे काम वाढवले आणि पारंपरिक वितरकाला ज्या भावाने माल मिळतो त्याहून कमी भावात तोच माल दुकानदाराला देऊ केला. आपल्याला वेगळा आणि मोठ्या कंपन्यांना वेगळा दर का, असा प्रश्न करत वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात कोलगेटच्या काही उत्पादनांचा पुरवठा थांबवून असहकार पुकारला. एकाच वस्तूच्या दोन खरेदीदारांसाठी असलेल्या दोन किमती हाच या संघर्षाचा विषय होता.

पाठोपाठ आलेल्या अतिजलद घरपोच सेवेने हा ताण वाढवला आहे. ब्लिंकिट, झेप्टो आणि स्विगी इन्स्टामार्ट या सेवा ग्राहकांना प्रवेश नसलेल्या, वस्तीजवळच्या लहान गोदामांतून, म्हणजे ‘डार्क स्टोअर’मधून, अवघ्या काही मिनिटांत माल पोचवतात. सुपरमार्केट महिन्याचा माल हिरावून घेई, पण अचानक लागणारे दूध, ब्रेड किंवा साखर यांसाठी किराणा दुकानच जवळचे असे. ते उरलेले हक्काचे क्षेत्रही या सेवांनी शहरांत काबीज करायला घेतले आहे. त्यांच्या सवलती कित्येकदा गुंतवणूकदारांच्या भांडवलातून येतात आणि काही काळ तोटा सोसून बाजारपेठ मिळवणे हे त्यांच्या योजनेतच असते. स्पर्धकाला संपवण्यासाठी खर्चापेक्षा कमी दराने विकण्याला प्रतिस्पर्धा कायद्यात मारक किंमत-धोरण म्हणतात. परंतु भारताच्या २००२ च्या प्रतिस्पर्धा कायद्यानुसार ते करणाऱ्याचे बाजारावर आधीच वर्चस्व असेल तरच ते आक्षेपार्ह ठरते. वर्चस्व मिळवण्याच्या वाटेवर असलेल्या, तोटा सोसणाऱ्या कंपनीला या तरतुदीचा फारसा अडसर होत नाही आणि तिचे वर्चस्व सिद्ध होईपर्यंत आसपासची दुकाने मिटलेली असू शकतात.

अन्य देशांनी हा प्रश्न आधी अनुभवला आहे. फ्रान्समध्ये १९७३ च्या रॉयर कायद्याने ठरावीक आकारापलीकडच्या दुकानांसाठी स्थानिक समितीची परवानगी सक्तीची केली. त्याच वर्षी जपाननेही मोठ्या दुकानांवर निर्बंध घालणारा कायदा केला, ज्यामुळे नवे भव्य दुकान उघडण्याआधी स्थानिक व्यापाऱ्यांशी विचारविनिमय करावा लागे. पुढे अमेरिकेच्या दबावाखाली तो सैल झाला आणि २००० मध्ये रद्द झाला. या निर्बंधांनी लहान दुकानदारांना वेळ मिळवून दिला, पण त्यांच्या खरेदीचा भाव कमी केला नाही. जपानमध्ये टिकून राहिले ते प्रामुख्याने स्वतःला बदलणारे दुकानदार होते. १९७४ मध्ये टोकियोतील तोयोसू भागात देशातील पहिले ‘सेव्हन-इलेव्हन’ उघडले, तेही पूर्वी मद्यविक्रीचे दुकान चालवणाऱ्या व्यापाऱ्याने. त्याला साखळीची घाऊक खरेदी व पुरवठा-व्यवस्था मिळाली, मात्र नफ्यातील मोठा वाटा आणि बरेचसे स्वातंत्र्य त्या बदल्यात द्यावे लागले.

या देवाणघेवाणीला पर्याय आहे आणि तो जर्मनीतील दुकानदारांनी शतकाहून अधिक काळापूर्वी शोधला. १८९८ मध्ये बर्लिनमधील काही लहान व्यापाऱ्यांनी मिळून खरेदीसाठी एक सहकारी संस्था काढली. दुकाने ज्याची त्याची राहिली, ग्राहकाशी नातेही ज्याचे त्याचे राहिले, परंतु घाऊक बाजारात मात्र सर्वजण एक खरेदीदार म्हणून उभे राहू लागले. त्या संस्थेतून वाढलेला ‘एडेका’ समूह आज जर्मनीतील सर्वांत मोठा किराणा-व्यापारी समूह आहे. १९३२ मध्ये नेदरलँड्समध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांच्या अशाच स्वेच्छेच्या एकत्रीकरणातून ‘स्पार’ जन्मले. लहान दुकान आणि मोठी खरेदी या गोष्टी परस्परविरोधी नाहीत, याचा याहून भक्कम पुरावा क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १९४८ मध्ये मुंबईच्या नायगाव भागातील गिरणी कामगारांनी ‘अपना बाजार’ची पायाभरणी केली. वारणानगरला १९७० च्या दशकात ‘वारणा बाजार’ने सहकारी सुपरमार्केट ग्रामीण भागात नेले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचे वाणसामान घाऊक भावाने खरेदी करण्याची पद्धत रुजवली. गोव्यात बागायतदारांची सहकारी खरेदी-विक्री संस्था अनेक गावांत आपले बाजार चालवते. यांतील काही संस्थांना पुढे भांडवलाची टंचाई व व्यवस्थापनातील ढिलाई यांचा फटका बसला, हे मान्य करूनही एक उणीव नोंदवावी लागते. येथे एकत्रित खरेदीसाठी संघटित झाले ते ग्राहक आणि शेतकरी. किराणा दुकानदारांच्या संघटना मात्र प्रामुख्याने कर, परवाने आणि निर्बंध यांविषयीच्या मागण्यांसाठी उभ्या राहिल्या व सामायिक गोदाम उभारण्याच्या कामात त्या प्रमाणात उतरल्या नाहीत.

आजची परिस्थिती या कामाला पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. पूर्वी शेकडो दुकानांची मागणी रोज एकत्र करणे जिकिरीचे होते, ते आता साध्या मोबाइलवर शक्य आहे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे लहान दुकानाच्या उलाढालीची विश्वासार्ह नोंद तयार होते आणि तिच्या आधारे बँकेला खेळते भांडवल देता येते. २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ या खुल्या डिजिटल व्यापार-जाळ्याचा हेतू कोणत्याही एका कंपनीच्या ॲपवर अवलंबून न राहता विक्रेत्याला ग्राहकापर्यंत पोचता यावे, हा आहे. परंतु तंत्रज्ञान हे साधन आहे. एका तालुक्यातील किंवा एका उपनगरातील दुकानदारांनी परस्परांना केवळ प्रतिस्पर्धी न मानता सहखरेदीदार मानले, तरच ते उपयोगी पडेल.

शासनाचे कर्तव्यही येथे स्पष्ट आहे. मोठ्या दुकानांना बंदी घालणे ग्राहकाच्या हिताचे नाही, कारण मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला स्वस्त तेल व डाळ मिळण्याचा हक्क आहे. मात्र सारख्याच प्रमाणातील खरेदीला सारखाच भाव मिळावा, असा आग्रह धरणे न्याय्य आहे. अमेरिकेने १९३६ च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने हे तत्त्व स्वीकारले होते. पुरवठ्याच्या खर्चात खरोखर फरक पडत असेल तर भावातला फरक त्याने मान्य केला, परंतु केवळ खरेदीदाराच्या दंडेलीपोटी दिलेली स्पर्धा मारणारी सवलत त्याने निषिद्ध ठरवली. अलीकडच्या दशकांत त्याची अंमलबजावणी मंदावली असली तरी त्यामागचा विचार कालबाह्य झालेला नाही. तोटा सोसून बाजार बळकावण्याच्या पद्धतीकडेही वर्चस्व प्रस्थापित होण्याआधीच लक्ष देणारी तरतूद भारतीय कायद्यात असणे आवश्यक आहे.

किराणा दुकान टिकावे ते जुन्या दिवसांच्या आठवणीखातर नव्हे. लाखो कुटुंबांना दुसऱ्याच्या नोकरीवर विसंबून न राहता स्वतःच्या कष्टावर जगण्याची ती संधी आहे, वस्तीत फिरणारा पैसा वस्तीत राखणारी ती यंत्रणा आहे, आणि ज्याला बँक दारात उभे करत नाही त्याला महिनाभर धान्य देणारी ती व्यवस्था आहे. या गोष्टींची किंमत सवलतीच्या फलकावर दिसत नाही, म्हणून ती शून्य ठरत नाही. मोठ्या साखळ्यांनी आपली ताकद एकत्रित खरेदीतून मिळवली आहे, आणि ती ताकद कोणाची मक्तेदारी नाही. दुकानदार जितक्या लवकर संघटितपणे माल घ्यायला लागतील, तितकी त्यांना कोणाच्या संरक्षणाची गरज कमी भासेल आणि ग्राहकालाही स्वस्ताई व शेजार यांपैकी एकाचीच निवड करावी लागणार नाही.