काळी बुरशी: दाढदुखी समजू नका

२०२१ मध्ये कोविडनंतर जाफराबादजवळच्या भिल्ल वस्तीवर एका आजींचा गाल सुजला, दात हलू लागले. मीही दाढच समजलो. दोन दिवस गेले. निघाला म्युकरमायकोसिस.

ही बुरशी मातीत, हवेत असतेच. रक्तातली साखर वाढलेली असली की ती सायनसमध्ये शिरून रक्तवाहिन्या बंद करते. काळे दिसते ते मेलेले मांस, बुरशी नव्हे. नाकात दुर्बीण घालून तुकडा तपासतात. डोळ्यापर्यंत पसरली का, ते स्कॅनमध्ये कळते. अँफोटेरिसिन-बीची इंजेक्शने देतात, पण बंद रक्तवाहिनीतून औषध पोहोचणार कसे? म्हणून मेलेला भाग कापावाच लागतो. मे २०२१ मध्ये शासनाने हा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला.

आजी वाचल्या, एक डोळा गेला. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. वस्तीवर साखर तपासायच्या पट्ट्या संपत आल्या आहेत.