एमजीबी : पैसा मुरतो कुठे?

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी स्पोर्ट्स गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. खिसा रिकामा होतो तो दुरुस्तीच्या मजुरीने.

बॉडी : सर्वात मोठा खर्च. या गाडीला वेगळी चासी नाही. दारांखालचे सिलच भार पेलतात आणि ते आतून गंजतात. दार व मडगार्ड यांच्यातली फट वर अरुंद, खाली रुंद दिसली, तर गाडी मधोमध खचली असण्याची शक्यता मोठी.

इंजिन : १७९८ सीसी, दणकट. सिलिंडर हेड उतरवलेच आहे, तर शिसेविरहित पेट्रोल सोसणाऱ्या कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात.

वायरिंग : सुरुवातीच्या गाड्यांत डायनामो आणि सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांच्या जागी अल्टरनेटर व १२ व्होल्टची एकच बॅटरी, ही स्वस्त आणि उपयोगी सुधारणा.

इंधन : ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबरी पाइप त्याने खराब होतात. ते आधी बदला.

देखभाल : पुढची चाके ज्यावर वळतात त्या किंगपिनला दर ३,००० मैलांनी ग्रीस. हे काम घरी जमते. टाळले तर किंगपिनच बदलावे लागतात.

सवलत : ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरील गाडीला अर्ज केल्यावर रस्ताकर माफ होतो. वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. मात्र गाडीत मोठे फेरफार केल्यास ही सूट जाऊ शकते.