नियमाकडून मुक्तीकडे : ओकिनावाच्या युद्धकलेतील तीन पायऱ्या

ओकिनावा बेटावरील कराटेचा विद्यार्थी ठरावीक हालचालींची एकच मालिका वर्षानुवर्षे गिरवीत असतो. तिला ‘काता’ म्हणतात. गुरूने दाखविलेला पवित्रा तसूभरही बदलण्याची मुभा त्याला नसते. प्रत्येक गोष्ट स्वतःच्या बुद्धीने पारखून घेणाऱ्या वाचकाला प्रश्न पडेल, की ही आंधळी गुरुभक्ती नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर ‘शु-हा-री’ या सूत्रात सापडते. शु म्हणजे नियम जपणे, हा म्हणजे तो मोडणे आणि री म्हणजे त्यापासून विलग होणे.

ही संज्ञा जपानी आहे. अठराव्या शतकात चहाविधीचे आचार्य कावाकामी फुहाकु यांनी तिची चर्चा केली व पुढे ती युद्धकलांत रुळली. तिच्यामागील विचार मात्र चीनमधील जुन्या चिंतनाशी जुळतो. ओकिनावाची युद्धकलाही चीनची ऋणी आहे. तेथील र्‍युक्यू राज्याने १३७२ मध्ये मिंग दरबाराशी संबंध जोडले आणि एकोणिसाव्या शतकात हिगाओन्ना कानर्‍यो हे फूचौ येथे जाऊन ही विद्या शिकून आले. बोधिधम्माने ती चीनला दिली, ही कथा आपल्याला सुखावणारी आहे. परंतु तिचा आधार मानला जाणारा ‘यीजिन जिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातील आहे. म्हणून ती इतिहास म्हणून आम्हांस स्वीकारता येत नाही.

कन्फ्यूशियसने आपल्या आयुष्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. पंधराव्या वर्षी त्याने विद्येकडे मन लावले, तिसाव्या वर्षी तो स्थिर झाला आणि सत्तराव्या वर्षी मनाप्रमाणे वागूनही त्याच्याकडून मर्यादा ओलांडली जाईना. येथे मर्यादेसाठी त्याने सुताराच्या गुण्याचा शब्द वापरला आहे. मेन्शियस म्हणतो, की सुतार शिष्याला गुण्या व कंपास देऊ शकतो, कौशल्य देऊ शकत नाही. च्वांग-त्झूच्या ग्रंथातील खाटीक आरंभी समोर केवळ बैल पाहतो. पुढे डोळ्यांवाचून सांध्यांतील पोकळी ओळखतो. एकोणीस वर्षांनंतरही त्याची सुरी नव्यासारखी धारदार असते.

पहिल्या विचारातून शिस्त आली, दुसऱ्यातून तिची सीमा कळली आणि तिसऱ्यातून सहजता आली. कानर्‍यो यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८-१९५३) यांनी ‘सान्चिन’ हा कठोर काता सोडला नाही. मात्र त्याच्या जोडीला ‘तेन्शो’ हा मृदू काता रचला. मोडणे म्हणजे तोडून टाकणे नव्हे, हे यावरून ध्यानी येते.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्त आठवते. पैलतीरी पोहोचल्यावर तराफा डोक्यावर वाहून नेऊ नये, असे तथागतांनी तेथे समजाविले आहे. दोन्ही विचारांचा उगम एक आहे, असा आमचा दावा नाही. साम्य इतकेच, की दोन्हींत साधन हे साधनच राहते. अलीकडच्या तीरावरच तराफा टाकणारा पार होत नाही आणि पलीकडे तो वाहणारा मोकळा होत नाही. म्हणून शिष्याला जन्मभर ‘शु’वरच अडकवून ठेवणारा गुरू परंपरा राखीत नाही, ती अर्ध्यावर थांबवितो.